शांत बार, जागी गल्ली

‘‘अगं, पण दार कुठंय?’’ दादाने तिसऱ्यांदा विचारलं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. हिंजवडीतून थेट बार्सिलोनाला, मोबाइल वर्ल्ड काँग्रेससाठी आलेला. चार दिवस कंपनीच्या स्टॉलवर उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, पण शेवटच्या रात्री ‘एल बॉर्न’मध्ये कॉकटेल प्यायचंच, हे त्याने पुण्यातूनच ठरवून आणलं होतं. याच भागातल्या ‘पॅरादिसो’ला 2022मध्ये जगातल्या पन्नास सर्वोत्तम बारच्या यादीत पहिला नंबर मिळाला. बाहेरून पाहाल तर पास्त्रामी सँडविचचं छोटं दुकान. आतल्या फ्रिजचं दार उघडलं की पलीकडे बार. रील्समध्ये तुम्हीही पाहिलं असेल. तिथली रांग बघून आम्ही जवळच्याच एका कमी गाजलेल्या लाउंजकडे वळलो. त्याला पाटीच नव्हती. बेल वाजवायची, कुणीतरी येऊन आत घेतं.

आत शिरताना एक दार, मग दोन माणसं मावतील एवढी जागा, मग दुसरं दार. मला वाटलं, ही पण स्टाइलच. बारटेंडर हसला. म्हणाला, स्टाइल वगैरे काही नाही, पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे गाणी गल्लीत जात नाहीत. मग त्याने काउंटरमागची एक पेटी दाखवली. साउंड लिमिटर. ठरलेल्या पातळीच्या वर आवाज गेला की यंत्र तो आपणहून दाबतं आणि नोंदही ठेवतं. त्याला सील असतं, त्यामुळे ‘भाऊ, जरा वाढव ना’ म्हणून काही उपयोग नाही.

बाकी सगळं भारीच होतं. उभ्याने प्यायची पद्धत नाही, जेवढ्या खुर्च्या तेवढीच माणसं. काचेसारखा स्वच्छ बर्फ, हाताने कापलेला, ग्लासात एकच मोठा ठोकळा. वरून संत्र्याच्या सालीचा नुसता फवारा. एका ग्लासाचे सोळा युरो, म्हणजे आपले दीड हजाराच्या आसपास. दादाने दोन घेतले. मी एकच घेतला आणि तो तासभर पुरवला. (मी चोवीसची. महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी पंचविशी पूर्ण लागते, स्पेनमध्ये अठरा. घरी हा पॅराग्राफ वाचला जाईल याची कल्पना आहे.) कुणी ओरडत नव्हतं, कुणी झिंगत नव्हतं. दादा म्हणाला, ‘‘बघ, हे खरं सिव्हिलाइज्ड. असेच टुरिस्ट आले तर कुणाला प्रॉब्लेम आहे?’’

प्रॉब्लेम दीड वाजता बाहेर पडल्यावर कळला.

स्पेनमध्ये 2011पासून बारच्या आत सिगारेट बंद आहे. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय उत्तमच, पण त्यामुळे सगळे बाहेर गल्लीत येऊन उभे राहतात. एल बॉर्नच्या गल्ल्या मध्ययुगीन. इथलं सांता मारिया देल मार हे चर्च चौदाव्या शतकातलं, आणि रस्ते त्या काळच्या मापाचे. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये बोळ. खाली कुणी हसलं की ते हसू चौथ्या मजल्याच्या बेडरूममध्ये पोचतं. त्या रात्री दादाच हसत होता, ऑफिसातला कुठलातरी किस्सा सांगून. वरच्या बाल्कनीतून एक आजी वाकल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. त्यांच्या कठड्याला एक फिकट कापड बांधलेलं होतं. त्यावर कातालानमध्ये लिहिलं होतं, ‘आम्हाला माणसांनी राहण्याजोगी वस्ती हवी’. दादाचा किस्सा तिथेच संपला.

दोन दारं आणि सीलबंद यंत्र बारचा आवाज अडवतात. गिऱ्हाइकांचा कसा अडवणार?

हे भांडण नवीन नाही. व्हॅलेन्सियात एका महिलेच्या घराभोवती इतके बार आणि डिस्को झाले, की रात्रीची झोप हा विषयच संपला. त्या मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या. 2004मध्ये न्यायालयाने सांगितलं, की प्रशासनाने नियम केले पण पाळून घेतले नाहीत, त्यामुळे घर आणि खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला. म्हणजे शांत झोप हा मानवी हक्काचा मामला झाला. आपल्याकडे मुंबईत 2020मध्ये ‘24 तास’ धोरण आलं, तेव्हा ते मॉल आणि मिल कंपाउंडसारख्या बिगरनिवासी जागांपुरतं ठेवलं होतं आणि दारूची वेळ दीडचीच राहिली, ती याच धास्तीने. हणजुण्यातल्या लोकांनी रात्रीच्या म्युझिकसाठी हायकोर्टाची पायरी चढली, तेही गोव्यातल्या मुलांना ठाऊक आहे.

पण बार्सिलोनात गोष्ट आवाजाच्या पुढे गेलीये. शहराची लोकसंख्या सोळा-सतरा लाख, वर्षाला मुक्कामी येणारे पर्यटक दीड कोटीच्या वर. जुलै 2024मध्ये मोर्चेकऱ्यांनी हॉटेलांबाहेर जेवणाऱ्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, तो व्हिडिओ जगभर फिरला. त्याच्या थोडंच आधी महापौर जाउमे कुलबोनी यांनी जाहीर केलं होतं, की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या 10,101 फ्लॅट्सचे परवाने 2028च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचे. दहा वर्षांत घरभाडी 68 टक्क्यांनी वाढली, असा त्यांचा हिशोब.

आणि इथेच मला ‘दर्जेदार पर्यटन’ हा शब्द खटकतो. गोंधळी, बिअर ढोसणारे नकोत, पैसेवाले, शांत हवेत, असं सगळीकडचे राज्यकर्ते म्हणतात. दादासारखे, थोडक्यात. पण सोळा युरोचा ग्लास विकला जाणाऱ्या गल्लीत किराणा दुकानाचं भाडं परवडत नाही. सभ्य गिऱ्हाईक भाडं वाढवतं ते काही कमी नाही, उलट जास्तच. फक्त त्याचा आवाज होत नाही, त्यामुळे त्यावर कुणी लिमिटर बसवत नाही.

बरं, मी तरी कोण? कातालोनियात 2024च्या मार्चमध्ये घरभाड्यावर मर्यादा आली, तेव्हा तात्पुरत्या, ‘सीझनल’ कराराला ती लागत नव्हती. त्यामुळे अनेक मालकांनी अकरा महिन्यांचे करार सुरू केले. पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्यांना अकरा महिने म्हणजे काय हे सांगायला नको. असे करार कोण घेतं? माझ्यासारखे बाहेरून आलेले स्टुडंट्स. माझ्या खोलीत आधी एक इथलीच नर्स राहायची, सहा वर्षं. ही माहिती खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात दिली, अगदी गोड आवाजात. तेव्हापासून मी जिन्यावर चपला हातात घेऊन चढते. त्याने त्या नर्सला घर परत मिळत नाही, हे मलाही कळतं.

हे सगळं मी परतताना दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘मग तू काय करणार?’’

‘‘ऑगस्टमध्ये करार संपतोय,’’ मी म्हटलं. ‘‘मालक म्हणतोय, रिन्यू कर. भाडं शंभर युरोने वाढवून.’’