यादीतलं चौदावं नाव

ऑलिम्पिकच्या हँडबॉल संघात १४ नावं. मैदानात एका वेळी गोलरक्षकासह सात. त्यामुळे एक नाव लिहायचं तर दुसरं खोडावं लागतं. पॅरिस २०२४ साठी नॉर्वेचे प्रशिक्षक थोरिर हेर्गेइर्सन यांनी गोलरक्षक कात्रिने लुंडेचं नाव लिहिलं. वय ४४! आपल्याकडे या वयाच्या कितीतरी आधी हातात नारळ ठेवतात. (शाल वेगळी.) ही बाई मात्र सहा मीटरवरून सणसणत येणाऱ्या चेंडूसमोर हात-पाय फाकून उभी राहिली. अंतिम सामन्यात यजमान फ्रान्स २१ गोलांवर अडकला, नॉर्वे २९. लुंडेचं २००८, २०१२ नंतरचं हे तिसरं सुवर्ण. आमच्या निवड समित्यांनी जन्मतारखेचा रकाना जरा शेवटी वाचावा.