बावखलाची सफाई जूनमध्ये नको, मार्चमध्ये हवी

दरवर्षी ५ जून जवळ आला की आपल्या वसई-विरार पट्ट्यात सफाई मोहिमांची गडबड सुरू होते. जागतिक पर्यावरण दिन असतो. कुठे बावखल, कुठे ओढा, कुठे खाडीकाठ. फावडी-घमेली घेऊन तरुण मंडळी उत्साहाने चिखलात उतरतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही एक डॉक्टर म्हणून मला स्पष्ट सांगावेसे वाटते, की या कामाचा मुहूर्त चुकतो आहे.

आपले पाणी येते कुठून, हे आधी पाहू. तुंगारेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी खाली उतरतो आणि वैतरणेच्या व वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळतो. खालच्या सपाटीवर वाडवडिलांनी वाड्यांमध्ये बावखले खोदली. ती पावसाचे पाणी धरून ठेवतात व जमिनीत मुरवतात. त्यावर रहाट चालत, केळी आणि पानवेली पोसल्या जात. मुरलेले हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. बावखल बुजले, विहिरींचा उपसा वाढला, की पाणी मचूळ होऊ लागते. १९९० च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती याच पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी. स्वयंसेवेची परंपरा आपल्याला नवीन नाही.

आता आरोग्याकडे वळू. कचरा आणि जलपर्णीने गुदमरलेल्या बावखलात मासे जगत नाहीत, डास मात्र वाढतात. ओढा तुंबला की सांडपाणी आणि पावसाचे पाणी एक होते. मग ते विहिरीत, फुटक्या नळात शिरते आणि कावीळ, विषमज्वर, जुलाब घरोघर पोहोचतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कसे पाण्याखाली गेले, ते आपण विसरलेलो नाही. अशा पाण्यात उंदीर, कुत्री व गुरे यांचे मूत्र मिसळलेले असते. त्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात.

म्हणूनच मुहूर्ताचा प्रश्न महत्त्वाचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो. काठावर काढून ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत खाली जातो, आणि स्वयंसेवक नेमके धोक्याच्या दिवसांत चिखलात उभे असतात. माझ्याकडे एक महाविद्यालयीन मुलगा तापाने फणफणून आला. पोटऱ्या हात लावू देईना, डोळे लाल. चार दिवस तो साधा ताप समजून गोळ्या घेत होता. खोदून विचारले तेव्हा कळले, की दहा दिवसांपूर्वी तो अनवाणी नाला साफ करायला उतरला होता. वेळेवर उपचार झाले, तो बरा झाला. पण हा आजार अंगावर काढला तर यकृत आणि मूत्रपिंडावर जातो व जिवावर बेततो.

तेव्हा माझी सूचना अशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी खाली गेल्यावर, एका आळीने एक बावखल किंवा ओढ्याचा एक तुकडा आपला मानावा. गाळ लांब, शेतात वा वाडीत न्यावा. मे महिन्यात पुन्हा एक फेरी मारून कचरा आणि मोऱ्या पाहाव्यात. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये, फक्त लक्ष ठेवावे. पाण्याचा रंग बदलला, भराव पडू लागला, तर त्याच दिवशी महानगरपालिकेला लेखी कळवावे. करवंट्या, टायर, उघडी पिंपे दर आठवड्याला रिकामी करावीत, कारण डेंग्यूचा डास तिथल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

काम करताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. जखम असेल त्याने काठावरची कामे करावीत. नंतर साबणाने हातपाय धुवावेत. पुढील महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना ‘मी पाण्यात काम केले होते’ हे आधी सांगावे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

काही जण म्हणतील, हे काम पालिकेचे आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, यंत्राने गाळ उपसणे हे निश्चितच पालिकेचे काम आहे आणि ते आपण हक्काने मागितले पाहिजे. पण रोज त्या काठाने जाणारे डोळे आपलेच आहेत.

आणि पाण्याचा आनंदही घ्यावा! तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. पाऊस ओसरल्यावर वनखात्याचे नियम पाळून मुलांना तिथे चालायला न्या, ओढा कुठून येतो ते दाखवा. चालण्याने मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात राहतात. मात्र भर पावसात चिंचोटीच्या धबधब्याखाली उतरण्याचा मोह टाळा. तिथे अनेकांचे प्राण गेले आहेत. काचेच्या बाटल्या मागे ठेवू नका, त्याच पुढे कोणाच्या तरी पायात घुसतात.

५ जूनला समारंभ जरूर करावा. पण तो तीन महिन्यांपूर्वी साफ केलेल्या, पावसाची वाट पाहणाऱ्या बावखलाच्या काठावर व्हावा.