आधी बाण काढा, मग फॉरवर्ड करा!

‘कमी वजनाचं बाळ? आई सिगारेट ओढत असेल तर जगण्याची शक्यता जास्त!’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला तर काय कराल? हसाल ना? पण गंमत अशी, की यामागचे आकडे खरे होते.

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियातले संशोधक जेकब येरुशाल्मी यांनी हजारो बाळंतपणांच्या नोंदी मांडल्या. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये, सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांचा मृत्युदर इतरांपेक्षा कमी निघाला. मग सिगारेट बाळाला खरंच घातक आहे का, अशी शंका घेतली गेली. वाद वर्षानुवर्षं चालला.

आता वही उघडा. एका बाजूला ‘सिगारेट’ लिहा, दुसऱ्या बाजूला ‘गंभीर जन्मदोष’. दोघांकडून मधल्या ‘कमी वजना’कडे बाण काढा. मग दोघांकडून ‘मृत्यू’कडेही एकेक बाण. झाली आकृती!

आता फक्त कमी वजनाची बाळं निवडा. आई सिगारेट ओढत नाही, तरी बाळाचं वजन कमी आहे. म्हणजे कारण दुसरं काहीतरी असणार, आणि ते जन्मदोषासारखं सिगारेटहूनही जीवघेणं असू शकतं. थोडक्यात, तुलना ‘सिगारेट विरुद्ध निरोगी’ अशी राहिलीच नाही. ती ‘सिगारेट विरुद्ध त्याहून भयंकर काहीतरी’ अशी झाली. सिगारेटने कुणालाही वाचवलं नव्हतं. सोनिया हर्नांदेझ-डियाझ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशाच आकृत्या काढून हे कोडं कसं तयार होऊ शकतं, ते दाखवलं.

खरं सांगू? सॅम्पल मोठं म्हणजे निष्कर्ष पक्का, असं मलाही वाटायचं. पण निवडच फसवी असेल, तर लाखभर नोंदीही तीच चूक जास्त ठामपणे सांगतात. मास कॉमच्या वर्गात कोण, काय, कुठे, कधी हे प्रश्न आम्हाला पाठ असतात. ‘अभ्यासात कुणाला घेतलं, कुणाला वगळलं?’ हा प्रश्नही तितकाच पाठ हवा.

तुम्ही म्हणाल, बाण काढणाराही चुकू शकतो की! शकतोच. पण कागदावरचा चुकीचा बाण दिसतो, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. डोक्यातला बाण दिसतच नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘संशोधन सांगतं’ असं वाचलंत, की फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी पेन उचला. एखाद्या होणाऱ्या आईपर्यंत तो मेसेज तुमच्याच हातून पोहोचणार असतो.