वाढलेली साखर आणि पथ्यमोडीचा आरोप

टाइप २ मधुमेहात गोळ्या वेळेवर, चालणे नियमित आणि जेवण बेताचे असूनही रक्तातील साखर कधी कधी चढते आणि दिवसेंदिवस उतरत नाही. अशा वाढीचे एक तयार स्पष्टीकरण घरोघरी आणि पुष्कळदा दवाखान्यातही दिले जाते : रुग्णाने पथ्य मोडले आहे, फक्त तो कबूल करत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. गोव्यात तर प्रौढांतले प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. एवढ्या मोठ्या संख्येला लागू होणारा हा आरोप तपासून पाहायला हवा.

आरोप निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि आहारातील चुका नजरेआड राहतात. एकादशीची साबुदाण्याची खिचडी ‘उपवासाची’ म्हणून हलकी समजली जाते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गूळ नैसर्गिक खरा, तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो. ज्वारीची भाकरी ‘चालते’ म्हणून दोनऐवजी चार खाल्ल्या जातात. प्रत्यक्षात ज्वारी आणि गहू यांतील कर्बोदकांत फार अंतर नाही. तेव्हा आहाराची चौकशी व्हायलाच हवी. मात्र या उदाहरणांत रुग्ण खोटे बोलत नसतो, त्याला चुकीची माहिती मिळालेली असते. माहितीतली चूक दुरुस्त करता येते. लबाड ठरवलेला माणूस पुढच्या खेपेला वहीत सोयीचे आकडे लिहून आणतो, आणि उपचाराचा आधारच जातो.

आरोपाचा खरा दोष त्याच्या गृहीतकात आहे. रक्तात येणारी साखर ताटातूनच येते, असे तो धरून चालतो. हे गृहीतक क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४८ मध्येच मोडीत काढले. आहारात साखर नसलेल्या प्राण्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही त्याला साखर सापडली. यकृत ग्लुकोज साठवते, नव्याने तयारही करते आणि रात्रीच्या उपाशी तासांत मेंदूला लागणारी साखर मुख्यतः तेच पुरवते. या पुरवठ्याला आवर घालण्याचे काम इन्सुलिनचे. टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही; त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक चढू लागते. रात्री झोपताना १३०, पहाटे तीनला १२५ आणि सकाळी सातला, चहाही घेण्याआधी, १६५ मिलिग्रॅम अशी नोंद त्यामुळे शक्य असते. मधल्या वेळात पोटात काही गेलेले नसते. याला ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात. असा रुग्ण आरोपाला घाबरून रात्रीचे जेवणच सोडतो, तरी सकाळचा आकडा फारसा हलत नाही.

सकाळच्या वाढीचे आणखी एक स्पष्टीकरण मायकेल सोमोजी यांनी १९३८ मध्ये मांडले : रात्री साखर फार उतरते आणि तिची भरपाई म्हणून सकाळी उसळते. सलग नोंद घेणाऱ्या सेन्सरमुळे रात्रभराचे आलेख मिळू लागले, तेव्हा या कल्पनेला फारसा दुजोरा मिळाला नाही. तरीही पहाटे तीनची एक तपासणी उपयोगाची आहे. त्या वेळी साखर खरोखरच उतरत असेल, तर सकाळचा आकडा पाहून रात्रीचे इन्सुलिन वाढवणे धोक्याचे ठरते.

दुसरे गृहीतक असे की यंत्रावर दिसणारा आकडा म्हणजे रक्तातील साखरच. संत्रे सोलून न धुतलेल्या बोटाचा थेंब घेतला तर सालीचा आणि रसाचा अंश त्यात मिसळतो आणि आकडा भलताच फुगतो. जपानी संशोधकांनी फळे सोलून हे मोजून दाखवले आहे. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसणे पुरेसे ठरले नाही, पाण्याने धुतल्यावर आकडा जागेवर आला. स्ट्रिपची बाटली उघडी राहिली, दमट हवा लागली, मुदत उलटली तरी मोजमाप बिघडते. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे १६८ आणि १८२ या दोन आकड्यांत रुग्णाच्या वागण्याचा फरक शोधणे व्यर्थ आहे. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही सर्वांना सारखी लागू पडत नाही. लोहाच्या कमतरतेने ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने ती कमी दिसते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात ही गोष्ट विसरून चालत नाही.

तिसरे, औषधे आणि इतर आजार हिशेबात धरलेच जात नाहीत. दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या साखर झपाट्याने वाढवतात. गोळी सकाळी घेतली तर उपाशीपोटीची साखर बरी आणि दुपार-संध्याकाळची चढलेली, असे चित्र दिसते. गुडघ्यात घेतलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शननेही काही दिवस साखर वर राहते, पण हाडांच्या डॉक्टरकडची ही गोष्ट मधुमेहाच्या डॉक्टरला सांगायची असते, हे रुग्णाच्या गावीही नसते. लघवीचा जंतुसंसर्ग, हिरड्यांतला पू, पायाची चिघळलेली जखम, क्षयरोग यांत शरीराची ताणसंप्रेरके वाढतात आणि इन्सुलिनचा प्रभाव घटतो. अपुरी झोप आणि घोर लावणारी काळजी यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत त्वचाही तपासावी लागते. बेंबीशेजारी एकाच जागी वर्षानुवर्षे सुई टोचली की तिथे चरबीची मऊ, रबरासारखी गाठ तयार होते. तिथे टोचलेले दुखत नाही, म्हणून रुग्ण पुन्हा तीच जागा निवडतो. पण गाठीतून इन्सुलिन हळू आणि अनियमित शोषले जाते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने साधारण चार आठवडे आणि ३० अंशांखालीच नीट टिकतात. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात गाडीत राहिलेली बाटली निकामी होऊ शकते, आणि फ्रीझरमध्ये गोठलेली तर टाकूनच द्यावी लागते.

या आरोपाच्या जोडीला दोन मते वावरतात. ‘साखर म्हटली की वरखाली व्हायचीच’ हे पहिले. एखाद्या दिवसाच्या आकड्यापुरते ते खरे आहे. आठवडाभर टिकलेल्या वाढीला मात्र कारण असते आणि ते बहुधा सापडते. दुसरे मत घाईचे : साखर वाढली, डोस वाढवा. गाठीत जाणाऱ्या इन्सुलिनचा डोस वाढवला आणि मग कोणी जागा बदलायला सांगितली, तर तोच वाढीव डोस पूर्ण लागू पडून साखर धोकादायक उतरते. कारण न शोधता केलेला उपाय असा उलटतो.

म्हणून वाढलेल्या साखरेचा तपास क्रमाने करावा. प्रथम हात धुऊन, कोरडे करून, नव्या स्ट्रिपवर पुन्हा मोजावे. शंका राहिल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. मग तीन-चार दिवस उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना नोंद ठेवावी. फक्त सकाळची साखर जास्त असेल तर यकृत आणि रात्रीचे औषध, फक्त जेवणानंतरची असेल तर आहार, दिवसभर चढलेली असेल तर संसर्ग, चुकलेले किंवा बिघडलेले औषध असा रोख ठेवता येतो. त्यानंतर गेल्या महिन्यात नवे काय झाले ते विचारावे : औषध, इंजेक्शन, ताप, दाढदुखी, रात्रपाळी. आहाराची नोंद वाटीच्या आणि भाकरीच्या मापाने घ्यावी, जाब विचारून नव्हे. वजन आपोआप घटत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर स्वादुपिंडाचीही तपासणी आवश्यक ठरते.

या क्रमाला एक अपवाद आहे. साखर ३०० च्या वर टिकून उलट्या, धाप, फार तहान किंवा गुंगी असेल तर नोंदवही बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे चालू असताना साखर फार चढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून ही अवस्था येऊ शकते, म्हणून तिथे लक्षणांकडे आकड्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते.

सगळे तपासूनही काही सापडले नाही, तर उरते ते आजाराचे स्वतःचे पुढे सरकणे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासाने ते दाखवून दिले. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमता निदानाच्या वेळीच निम्म्याच्या आसपास घटलेली असते आणि पुढेही घटत राहते. एकाच औषधावर एचबीए१सी ७ टक्क्यांखाली राखू शकणारे रुग्ण तीन वर्षांनी निम्मे होते, नऊ वर्षांनी जेमतेम पाव उरले. पथ्य काटेकोर पाळणाराही या उतारातून सुटत नाही. अशा वेळी दुसरी गोळी जोडणे किंवा इन्सुलिन सुरू करणे हा आजाराच्या बदललेल्या अवस्थेला दिलेला योग्य प्रतिसाद आहे. ती पथ्यमोडीची शिक्षा समजून वर्षानुवर्षे टाळली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची हानी मात्र टळत नाही.