पेनड्राइव्ह नव्हे, नोंदी जपाव्यात

नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाराणसीत बांधलेला भोसले घाट आजही गंगेकाठी उभा आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी पायऱ्यांवर चढते आणि ओसरताना गाळाचा थर मागे ठेवते. तो दर वर्षी उपसावा लागतो. दगडाचा घाटही अशा देखभालीविना वापरात राहत नाही. मग भोसल्यांच्या त्याच नागपुरात किंवा राज्यातील अन्य संशोधन केंद्रांत टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे पडून असलेल्या पेनड्राइव्हवर कितपत विसंबावे?

पेनड्राइव्ह २००० साली बाजारात आले. त्यातील माहिती सूक्ष्म कोशिकांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. हा भार कालांतराने हळूहळू झिरपतो. उष्णतेने ही झीज वाढते आणि वारंवार पुसून लिहिलेल्या कोशिका भार कमी काळ धरून ठेवतात. विदर्भातील उन्हाळ्यात बंद कपाटात पडलेले उपकरण बाहेरून धडधाकट दिसले, तरी त्यातील फाइल उघडेलच याची शाश्वती नसते.

येथे प्रश्न काहीशे रुपयांच्या वस्तूचा नाही. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना मोठा फटका दिला. या दोन टोकांमधील वर्षांत कामगंध सापळ्यांत कोणत्या आठवड्यात किती पतंग आले, किती बोंडे किडली, याच्या नोंदी किडीची वाटचाल समजण्यासाठी मोलाच्या आहेत. प्रयोग पुन्हा मांडता येतो. सरलेला हंगाम मात्र पुन्हा येत नाही. अशा नोंदींची एकमेव प्रत एखाद्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये असेल, तर तो हंगाम कायमचा हरवण्याचा धोका असतो.

कीटकशास्त्रज्ञांना ही बाब नवी नाही. टाचणीला लावलेले नमुने पेटीत बंद करून विसरले, तर संग्रहालय भुंगेऱ्याच्या अळ्या त्यांचा भुगा करतात. म्हणून पेट्या ठरावीक काळाने तपासल्या जातात. डिजिटल नोंदींच्या वाट्याला मात्र ही शिस्त क्वचितच येते.

तेव्हा जुने पेनड्राइव्ह सरसकट फेकू नयेत आणि सरसकट जपूही नयेत. प्रथम अद्ययावत विषाणूरोधक असलेल्या संगणकावर ते तपासावेत व सर्व फाइली उतरवून घ्याव्यात. उपकरण वाचले जात नसेल, तर ‘फॉरमॅट’ करण्याची घाई न करता जाणकाराकडे द्यावे. उतरवलेल्या माहितीच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी असावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. अन्यथा फाइल शाबूत असूनही मजकूर वाचता येत नाही. तक्त्यासोबत ठिकाण, वाण, पेरणीची तारीख व मोजणीची पद्धत लिहून ठेवावी. संदर्भ नसलेला आकडा पुढील संशोधकाच्या उपयोगी पडत नाही.

रिकामे झालेले, सुस्थितीतील पेनड्राइव्ह इंटरनेट क्षीण असलेल्या प्रक्षेत्रावरून फाइल आणण्यास अजूनही उपयुक्त आहेत. त्यांचे काम वाहतुकीचे समजावे, साठवणीचे नव्हे. नादुरुस्त उपकरणे कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावीत.

हंगाम संपल्यावर शेत नांगरले जाते, अवजारे पुसून ठेवली जातात. त्याच आठवड्यातील एक दिवस प्रत्येक केंद्राने नोंदींच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. खर्च नगण्य आहे. निवृत्त सहकाऱ्याच्या खणातील पेनड्राइव्ह वाचता येत असतानाच ते काम झाले पाहिजे.