जाहिरात : वसुलीत आत, परताव्यात बाहेर

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून शेव, फरसाण, चिवडा आदी जिनसांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याचे स्वागत सर्वांनीच केले. परंतु त्यानंतर हैदराबादच्या काटेदान, बेगमबाजार या भागांतील उत्पादक वाचकांची जी पत्रे आमच्याकडे आली, त्यांत समाधानाहून तक्रारच अधिक आहे, आणि ती अनाठायी नाही. शिलकी मालावर सुधारित किंमत छापावयाची तर वृत्तपत्रांत किमान दोन जाहिराती द्याव्यात, असे केंद्राच्या ९ सप्टेंबरच्या हुकुमात होते, म्हणजे भाव उतरविण्यासाठी आधी खर्च चढवा! १८ तारखेला ती अट रद्द झाली. मधल्या नऊ दिवसांत ज्या कोणी जागा आरक्षित केली असेल, त्याने आपल्या तत्परतेचा दंड भरला, इतकेच. खरे दुखणे निराळेच आहे.

माल ५ टक्क्यांत गेला, तरी फलकाचे भाडे, रेडिओ आणि मोबाइलवरील जाहिरात यांवर १८ टक्के कायम आहेत. समजा, एखाद्या कारखान्याची महिन्याची विक्री ४ लाखांची आहे. तिच्यावरील कर २०,००० रुपये. बेसन, तेल, मसाले यांवर भरलेले ११,००० आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनावरचे १०,८०० मिळून मालाचा आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट) २१,८०० झाला, आणि मेहदीपट्टणमच्या ५०,००० च्या फलकावरचे ९,००० त्यात मिळवले की एकूण ३०,८०० होतात, म्हणजे १०,८०० रुपये वरकड. जीएसटीच्या नियम ८९(५) च्या सूत्राने परतावा निघतो तो केवळ ७,६४४ चा, कारण त्या सूत्रात परतावायोग्य क्रेडिट म्हणून मालाचेच क्रेडिट धरले जाते, सेवांचे नव्हे. उरलेले ३,१५६ रुपये खात्यावर दिसतात खरे, परंतु खरेदीवरचा कर विक्रीवरील कराहून अधिक, हे उलटे प्रमाण दरमहा तसेच राहिल्यास ते वापरावयाचे केव्हा? विक्रीच्या पाऊण टक्क्याहून अधिक असलेली ही रक्कम १० रुपयांच्या पुडीची छापील किंमत वाढवून वसूल करता येत नाही. ती पुडीच्या वजनातून निघते, आणि शिव्या मात्र उत्पादकाला बसतात.

जाहिरातीवरील कराचा इतिहासही उद्बोधक आहे. अबकारीच्या काळी जाहिरातीचा खर्च मालाच्या करपात्र मूल्यात धरावा की वगळावा, हा वाद चालला असता, बाँबे टायरच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूल्याचाच भाग ठरविला आणि सरकारने त्यावर मनसोक्त कर घेतला. त्याच जाहिरातीवरील कर परत करण्याची वेळ आली, तेव्हा ती 'सेवा' ठरली! त्याच न्यायालयाच्या २०२१ च्या व्हीकेसी फूटस्टेप्स निकालाने नियम ८९(५) कायम ठेवला, परंतु सूत्रातील विसंगतीकडे जीएसटी परिषदेचे लक्ष वेधले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जखम लहान झाली, भरली नाही. शिवाय तेलंगणच्या २०२० च्या शासननिर्णयाने १५ फुटांवरील फलकांना मनाई झाल्यापासून या शहरात दिसण्याजोग्या जागा आक्रसल्या आहेत. जिंदा तिलिस्मात या औषधासारखी भिंती रंगवून नाव करण्याची सोय आता सर्वांना कोठून मिळणार?

पण सगळा दोष कचेरीच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. परताव्याचा अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत असता ती उलटून गेल्यावर बशीरबागेतील जीएसटी कचेरीत हेलपाटे घालणारे, फलकवाल्याकडून बिनजीएसटी पावती घेऊन वर सवलत मिळाल्याचा आनंद मानणारे, आणि वृत्तपत्रातील जागा ५ टक्क्यांत मिळत असता एजन्सीचे कमिशन व आरेखन यांचे एकत्र बिल १८ टक्क्यांनी निमूटपणे भरणारे आपल्यातच आहेत. जागेचे बिल वेगळे मागा, आजच मागा!

परिषदेपुढे गाऱ्हाणे मांडावयाचे तर भावनेने भागणार नाही. प्रत्येक वाचकाने ऑक्टोबरपासूनचा मालाचा व सेवांचा आयटीसी निरनिराळा काढून, मंजूर परताव्याच्या नकलेसह, या महिनाअखेर आमच्याकडे पाठवावा. नावे छापली जाणार नाहीत. आकडे मात्र रुपया-पैशांत हवेत, 'सुमारे' चालणार नाही.