अजिंठ्याची नक्षी फुलदाणीवर उतरली, मग नाशिकच्या लेण्यांतली जाळीवर का नाही?

सातपूर एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडे गेटसाठी किंवा देवघरासाठी जाळी मागितली, की मोबाइलवर तयार डिझाइन समोर येतात. त्यातलं कातरलेल्या कडांचं, वळणदार पान बहुतेकदा अकँथस असतं, म्हणजे मूळचं ग्रीक-रोमन खांबांवरचं. एकोणिसाव्या शतकात युरोपने अशी प्राचीन नक्षी पुन्हा वापरात आणली आणि छापील नमुना-पुस्तकांतून ती जगभर गेली. आता ती फाइल बनून फिरते.

त्याच शतकात असाच प्रयोग आपल्याकडच्या नक्षीवरही झाला होता. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. प्रती काढण्याचं काम टप्प्याटप्प्याने १८८५ पर्यंत चाललं. आपण पद्मपाणीसमोर थांबतो, पण डिझाइनचा खरा खजिना छतावर आहे: चौकोनांत आणि वर्तुळांत नेमकी बसवलेली कमळं, हंस, हत्ती, फळं. ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ च्या ग्रंथाचा दुसरा खंड याच नक्षीसाठी आहे. जे. जे.मधल्या जॉर्ज टेरी यांच्या पॉटरीत अजिंठ्याची नक्षी फुलदाण्यांवर आली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे. जे.ची भांडी पाहता येतात.

याची किंमत मोठी होती. प्रती काढताना भित्तिचित्रांवर व्हार्निश लावलं गेलं. पुढे ते पिवळं पडलं आणि मूळ रंग झाकोळले. लंडनला पाठवलेल्या बऱ्याच प्रती १८८५ च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. आणि पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत राबून काम केलं, ग्रंथ मात्र ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखला जातो.

आज व्हार्निश लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा पुरतो. पांडवलेणी सातपूरहून काही किलोमीटरवर आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्याचं कोरीव दार, वेदिकेची पट्टी, वऱ्हांडा खांद्यावर तोलणारे यक्ष हे सगळं दगडात समोर आहे. वेदिकेसारखी ठरावीक अंतराने येणारी नक्षी ऑटोकॅडमध्ये आणणं इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही जड नाही. पण 'असंच हवं' म्हणत गिऱ्हाईक इंटरनेटवरचा फोटो दाखवतं आणि वर्कशॉपवाला तेच कापतो. यात त्याला दोष देता येत नाही, त्याच्याकडे दुसरी फाइलच नसते.

ती फाइल शहरातल्या आर्किटेक्चर आणि डिझाइन कॉलेजांनी द्यावी. लेण्यांतली नक्षी मोजून काढावी, वर्कशॉपना मोफत वापरू द्यावी, आणि प्रत्येक रेखाटनावर ते काढणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव ठेवावं.